गोळी चालू आहे तोवर

स्टेरॉइड घ्यावं की घेऊ नये, हे सांगायला ही पुस्तिका काढलेली नाही. तो निर्णय डॉक्टर आणि रोगी यांनी मिळून आधीच घेतलेला असतो. संधिवाताने बोटं वाकायला लागलेली असतात. लहान मुलाच्या लघवीतून प्रथिनं जाऊन त्याचं अंग सुजलेलं असतं. दम्यामुळे रात्री बसून काढाव्या लागत असतात. कुष्ठरोगाच्या उपचारात अचानक प्रतिक्रिया येऊन हाताची नस ठणकत असते आणि बोटांतलं बळ चाललेलं असतं. अशा वेळी प्रेडनिसोलोनची गोळी सांधा वाचवते, मूत्रपिंड वाचवते, हात वाचवते, कधी जीवही वाचवते. हे आधीच स्पष्ट लिहितो, कारण पुढची पानं वाचून कुणी घाबरून गोळी टाकून दिली तर या पुस्तिकेने फायद्यापेक्षा नुकसानच जास्त केलं असं होईल.

ही पानं त्या निर्णयानंतरच्या दिवसांसाठी आहेत. गोळी महिनोन्महिने चालते, कधी वर्षानुवर्षं. त्या काळात घरात सणवार येतात, लग्नं ठरतात, ताप येतो, उलट्या होतात, दात काढायची वेळ येते, कामासाठी गाव सोडावं लागतं. डॉक्टरांशी गाठ दोन-तीन महिन्यांतून एकदा, तीही काही मिनिटांची. बाकी सगळा काळ रोगी आणि त्याच्या घरचे यांनीच सांभाळायचा असतो.

शहागड डोळ्यांसमोर ठेवून हे लिहितो आहे, त्याला कारण आहे. गोदावरीच्या उत्तर काठावरचं अंबड तालुक्यातलं हे गाव धुळे-सोलापूर महामार्गावर आहे. पूल ओलांडला की बीड जिल्हा, गेवराई तालुका. मोठं दुखणं निघालं की माणसं छत्रपती संभाजीनगरला घाटी रुग्णालयात जातात, कुणी जालना गाठतं, कुणी बीड. रोगाचं नाव तिथे कळतं, गोळी तिथे सुरू होते आणि माणूस एसटीने परत येतो. पुढे ताप येतो तो मात्र गावात. ज्यांनी औषध लिहिलं ते डॉक्टर लांब असतात, आणि ज्यांच्याकडे रात्री धाव घ्यायची त्यांना या माणसाला कोणती गोळी चालू आहे याची कल्पना नसते. शिवाय या पट्ट्यातली कितीतरी कुटुंबं दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन ऊसतोडीला निघतात, ती उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. फड कोल्हापूर-सांगलीकडे असेल, नाहीतर थेट कर्नाटकात. पट्टीतली शेवटची गोळी तिकडे संपते. फाईल घरी पत्र्याच्या पेटीत राहिलेली असते.

गोळी संपली तर काय होतं, हे समजायला शरीराच्या आत थोडं डोकवावं लागेल. दोन्ही मूत्रपिंडांच्या वर एकेक छोटी ॲड्रिनल ग्रंथी असते. ती रोज कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक तयार करते. रक्तदाब टिकवणं, साखर राखणं, आजाराशी झुंजताना शरीराला तग धरायला लावणं ही त्याची कामं. निरोगी माणसाचं रोजचं कॉर्टिसॉल साधारण ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनच्या तोडीचं असतं. ताप, अपघात किंवा शस्त्रक्रिया अशा प्रसंगी ग्रंथी ते कित्येक पटींनी वाढवते. प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, मिथाइलप्रेडनिसोलोन, डेफ्लाझाकॉर्ट ही सगळी याच कॉर्टिसॉलच्या कुळातली औषधं. (व्यायामशाळेत दंड फुगवण्यासाठी घेतात ते स्टेरॉइड वेगळ्या कुळातलं, त्याचा इथे संबंध नाही.) बाहेरून रोज इतकं मिळतंय हे मेंदूला कळतं आणि तो ग्रंथीला काम सांगायचं थांबवतो. तीन-चार आठवड्यांपेक्षा जास्त काळ गोळी चालली की ग्रंथी सुस्तावते, पुढे आकसते.

जायकवाडीचा डावा कालवा ज्यांच्या रानातून जातो त्यांना हे लगेच कळेल. कालव्याचं पाणी बारमाही मिळू लागलं की विहिरीकडे कुणी फिरकत नाही, मोटार गंजते, तळाशी गाळ बसतो. आता एका रात्रीत कालवा बंद केला तर उभं पीक विहिरीच्या भरवशावर राहील कसं? आधी गाळ काढायला हवा, झरे मोकळे व्हायला हवेत, आणि तोवर कालव्याचं पाणी हळूहळूच कमी करायला हवं. गोळीचा डोस टप्प्याटप्प्याने उतरवायचा तो याचसाठी. पूर्ण बंद झाल्यावरही ग्रंथीला पूर्वपदावर यायला कित्येक महिने लागू शकतात, काहींना वर्षभरही.

हा धडा वैद्यकशास्त्राला फार महागात मिळाला. या ग्रंथी निकामी झाल्यावर माणूस कसा झिजत जातो, याचं वर्णन लंडनच्या थॉमस ॲडिसन यांनी १८५५ मध्ये केलं होतं, पण उपाय कुणाकडेच नव्हता. पुढे एडवर्ड केंडल यांनी ग्रंथीतून वेगळं काढलेलं कॉर्टिसोन हे द्रव्य सप्टेंबर १९४८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या एका तरुण स्त्रीला टोचलं. जिला अंथरुणातून उठणं कठीण होतं ती काही दिवसांत चालू लागली. दोनच वर्षांत, १९५० मध्ये, हेंच, केंडल आणि स्वित्झर्लंडचे टाडेउश राइखश्टाइन यांना नोबेल मिळालं. जगभर आनंदाची लाट होती. आणि १९५२ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात एका तरुण रुग्णाची हकिकत छापून आली. संधिवातासाठी तो बराच काळ कॉर्टिसोन घेत होता. शस्त्रक्रियेआधी औषध बंद केलं गेलं. शस्त्रक्रियेनंतर त्याचा रक्तदाब कोसळला तो वर आलाच नाही. शवविच्छेदनात ॲड्रिनल ग्रंथी आकसलेल्या सापडल्या. आज शस्त्रक्रियेच्या आधी भूलतज्ज्ञ "स्टेरॉइड चालू आहे का? गेल्या वर्षभरात कधी घेतलं होतं का?" असं विचारतात. त्या प्रश्नामागे अशी माणसं उभी आहेत. दात काढायला गेलात तरी न विचारता हे सांगा.

गोळी अचानक सुटल्याची लक्षणं फसवी असतात. आधी नुसता थकवा येतो, अंग मोडून येतं, उठताना चक्कर येते, भूक जाते. घरचे म्हणतात ऊन लागलं असेल, कामाचा शीण असेल. मग पोटात दुखून उलट्या होतात, रक्तदाब आणि साखर खाली जाते, माणूस गुंगीत जातो. ही वेळ सलाईन लावून वाट बघण्याची नसते. शिरेतून किंवा स्नायूत हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन लागतं, मोठ्या माणसाला सहसा १०० मिलिग्रॅम, आणि तेही लगेच. ते औषध जुनं आहे, स्वस्त आहे, बहुतेक रुग्णालयांत मिळतं. अडतं ते इतकंच, की समोरच्या डॉक्टरांना या माणसाची गोळी सुटली आहे हे कुणी सांगितलेलं नसतं.

अगदी नियमाने गोळी घेणाऱ्यावरही ही वेळ येऊ शकते. ताप भरला, जुलाब लागले, हाड मोडलं, तर शरीराला एरवीपेक्षा जास्त कॉर्टिसॉल लागतं, आणि सुस्तावलेली ग्रंथी ते देऊ शकत नाही. म्हणून तापाच्या दिवसांत गोळी चुकवायची तर नाहीच, उलट डोस काही दिवसांपुरता वाढवावा लागतो, पुष्कळदा दुप्पट. तुमच्या बाबतीत किती आणि किती दिवस, हे तुमच्या डॉक्टरांनी आधीच लिहून द्यायला हवं. नसेल दिलं तर पुढच्या फेरीला तोच प्रश्न सगळ्यांत आधी विचारा. उलटीत गोळी पडून गेली आणि पुन्हा घेतलेलीही टिकली नाही, तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा, दवाखाना गाठा.

डोसचा हिशेब नेहमी मिलिग्रॅममध्ये ठेवा, गोळ्यांच्या संख्येत नको. एकाच नावाची गोळी ५, १०, २० आणि ४० मिलिग्रॅममध्ये मिळते. घाटीत "रोज दोन" सांगितलेल्या असतात त्या १० च्या. पट्टी संपल्यावर गावातल्या मेडिकलमधून त्याच नावाची २० ची आणली आणि "रोज दोन" तसंच चालू ठेवलं, तर डोस नकळत दुप्पट होतो. उलटं झालं तर निम्म्यावर येतो. औषध बदललं तर आकडे आणखी फसवतात. ०.७५ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन म्हणजे जवळजवळ ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन. अर्ध्या मिलिग्रॅमची ती इवलीशी गोळी दिसते तेवढी हलकी नाही.

आता दुसरी बाजू, आणि त्यासाठी २०२१ चा उन्हाळा आठवायला हवा. त्याच्या आदल्या वर्षी, जून २०२० मध्ये, ब्रिटनमधल्या रिकव्हरी या मोठ्या चाचणीने दाखवून दिलं होतं की ऑक्सिजनवर असलेल्या कोविड रुग्णांना रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन, जास्तीत जास्त १० दिवस, दिल्याने मृत्यू कमी होतात. ज्यांना ऑक्सिजनची गरज नव्हती त्यांना मात्र त्याचा लाभ दिसला नाही. दुसऱ्या लाटेच्या घबराटीत हे दुसरं वाक्य मागे पडलं. पहिल्या तापालाच गोळ्या सुरू झाल्या, दहा दिवसांची मर्यादा उलटून गेली, एकाची चिठ्ठी दुसऱ्याने वापरली, आणि साखर मोजायची राहून गेली. मग म्युकरमायकोसिस आला. नाक, टाळू, जबडा, डोळा असा चढत जाणारा हा बुरशीचा संसर्ग. कोविड, आटोक्यात नसलेला मधुमेह आणि बेहिशेबी स्टेरॉइड हे तिन्ही एकत्र आले तिथे त्याने घर केलं. मे २०२१ मध्ये केंद्राने राज्यांना हा आजार नोंदणीसक्तीचा करायला सांगितलं. जूनअखेर देशातली नोंद चाळीस हजारांवर गेली होती आणि सर्वाधिक फटका बसलेल्या राज्यांत महाराष्ट्र होता. जालना जिल्ह्याचेच राजेश टोपे तेव्हा आरोग्यमंत्री होते. राज्याने महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत या आजाराचे उपचार आणले, ॲम्फोटेरिसिन-बी या औषधासाठी धावाधाव केली, तरी ज्यांचा डोळा किंवा जबडा काढावा लागला ती माणसं आज मराठवाड्याच्या गावागावांत आहेत. त्यांच्याकडे पाहून "स्टेरॉइड नकोच" म्हणणाऱ्यांचं मला नवल वाटत नाही. पण त्या उन्हाळ्याने शिकवलं ते वेगळं: ही गोळी चालू असताना साखर आणि संसर्ग यांच्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावं लागतं.

साखरेच्या बाबतीत एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. सकाळी घेतलेली प्रेडनिसोलोनची गोळी साखर चढवते ती दुपारी जेवल्यानंतर आणि संध्याकाळी. सकाळी उपाशीपोटी तपासलेली साखर पुष्कळदा ठीक येते, आणि माणूस निश्चिंत होतो. म्हणून दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी किंवा रात्रीच्या जेवणाआधी तपासा, विशेषतः पहिल्या काही आठवड्यांत आणि डोस वाढवल्यावर. आधीपासून मधुमेह असेल तर औषध किंवा इन्सुलिन वाढवावं लागतं, आणि स्टेरॉइड उतरवताना तेही उतरवावं लागतं, नाहीतर साखर एकदम खाली जाते.

संसर्गाचं दुखणं असं की ते लपतं. जी गोळी सांध्याची सूज दाबते तीच तापही दाबते. न्यूमोनिया झालेल्या माणसाचं अंग जेमतेम कोमट लागतं. आपल्याकडे क्षयरोग घरोघरी पोहोचलेला आहे. वर्षानुवर्षं शरीरात निजलेले त्याचे जंतू या गोळीच्या काळात जागे होऊ शकतात. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, वजन घटणं, रात्री घाम येणं, यातलं काहीही दिसलं तर थुंकीची तपासणी करून घ्या. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. क्षयाचा उपचार सुरू झालाच, तर तिथल्या डॉक्टरांनाही गोळीबद्दल सांगा, कारण रिफॅम्पिसिनमुळे प्रेडनिसोलोनचा असर घटतो आणि डोस बदलावा लागू शकतो. घरात कुणाला कांजिण्या आल्या आणि तुम्हाला कधी आल्या नसतील, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. लहान मुलाला ही गोळी चालू असेल तर प्रत्येक लशीच्या वेळी आशाताईंना आणि नर्सबाईंना ते सांगा. काही लशी जिवंत जंतूंच्या असतात, त्या पुढे ढकलाव्या लागतात.

हाडं आणि डोळे यांच्यावर पुढे स्वतंत्र प्रकरणं आहेत, म्हणून इथे थोडक्यात लिहितो. हाडांची झीज पहिल्या तीन ते सहा महिन्यांतच सर्वांत वेगाने होते, तेव्हा कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व उशिरा नव्हे तर सुरुवातीलाच. जांघेत किंवा खुब्यात दुखून लंगडायला होत असेल तर ते वाताचं समजून चोळत बसू नका, खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटण्याची ती सुरुवात असू शकते. मोतीबिंदू आणि काचबिंदू यांसाठी वर्षातून एकदा डोळे तपासून घ्या. अंगदुखीच्या गोळ्या स्वतःहून सोबत घेऊ नका, दोन्ही मिळून पोटात व्रण पाडतात.

ज्यांना आपण स्टेरॉइड घेत आहोत हेच माहीत नाही त्यांची काळजी मला सर्वांत जास्त वाटते. दिवसभर मोळ्या उचलून पाठ मोडलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी फडावर उभं राहायचंच असतं. खाडा झाला की मजुरी बुडते आणि उचल फिटत नाही. त्याला अंगदुखीवर मिळालेली सुई किंवा पुडी एका रात्रीत उभं करते, तेव्हा त्यात काय होतं हे तो विचारत नाही. सांधेदुखीवरच्या बिननावाच्या चूर्णांत आणि पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं आढळल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात पुष्कळ आहेत. झाडपाल्याचं औषध दोन दिवसांत वर्षानुवर्षांचा वात पळवत असेल, भूक एकदम वाढत असेल, चेहरा गोल होत असेल आणि ते सोडताच दुखणं दुपटीने उलटत असेल, तर त्यात काहीतरी मिसळलेलं आहे असं धरा. पण तेही एकदम सोडू नका. पुडी घेऊनच डॉक्टरांकडे जा.

मलमांचीही तीच गत. घामाने जांघेत नायटा होतो, मेडिकलमधून "खाजेची ट्यूब" येते, खाज त्या रात्रीच थांबते. ट्यूबमध्ये क्लोबेटासॉलसारखं तीव्र स्टेरॉइड असेल तर खाज थांबते पण बुरशी वाढत जाते, आणि कातडी कागदासारखी पातळ होते. गोरं होण्यासाठी तीच मलमं मुली तोंडाला लावतात. देशभरच्या त्वचारोगतज्ज्ञांनी यावर बरीच वर्षं आवाज उठवला, तेव्हा २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशा १४ स्टेरॉइड मलमांना डॉक्टरांच्या चिठ्ठीची अट घातली. चिठ्ठी मागण्याची सवय मात्र अजून दुकानांत पुरेशी रुजलेली नाही. याउलट दम्याच्या पंपाला लोक विनाकारण भितात. पंपाच्या एका दाबात औषध साधारण २०० मायक्रोग्रॅम असतं. २० मिलिग्रॅमच्या गोळीत २०,००० मायक्रोग्रॅम असतं, म्हणजे शंभरपट. पंपातलं रक्तात उतरतं तेही थोडंच. पंप नको म्हणून गोळ्यांवर राहणारा दमेकरी स्वतःचं नुकसान करून घेतो. पंप घेतल्यावर चूळ मात्र भरायची.

आणि चेहरा. गाल भरतात, मानेवर चरबी साचते, मुलींना ओठांवर लव येते, पोटावर जांभळ्या रेघा उमटतात. ल्युपससारखा आजार तरुण मुलींनाच जास्त होतो, त्यामुळे ऐन बघायला येण्याच्या दिवसांत हे सगळं वाट्याला येतं. "पोरगी सुजल्यासारखी दिसतेय" असं कुणी बोलून जातं आणि मुलगी गुपचूप गोळी बंद करते. कधी आईच सांगते, पाहुणे येऊन जाईपर्यंत नको घेऊस. त्या आठ-दहा दिवसांत आजार मूत्रपिंडावर उलटू शकतो. आयांना माझं कळकळीचं सांगणं आहे: डोस उतरला की चेहराही उतरतो, बिघडलेलं मूत्रपिंड मात्र मागे येत नाही. मुलीला तिच्या दिसण्यावरून घरात कुणी बोलणार नाही, एवढी राखण तुम्ही करा. या गोळीने झोप उडते, चिडचिड होते, कधी रडू येतं, कधी उगाच उत्साह चढतो. घरच्यांनी तो स्वभाव समजू नये. फार वाढलं, मनात भलतेसलते विचार येऊ लागले, तर डॉक्टरांना सांगावं.

उपास-रोजांचंही आधीच बोलून ठेवायला हवं. गोळी सकाळी काहीतरी खाल्ल्यावर घ्यायची असते. नवरात्रात नऊ दिवस उपाशीपोटी राहून गोळी चुकवणं किंवा रमजानमध्ये दिवसाची गोळी सोडून देणं, दोन्ही धोक्याचं. सेहरीला घ्यायची की इफ्तारनंतर, फराळाचं खाऊन चालेल का, की या वर्षी उपास नकोच, हे सण यायच्या महिनाभर आधी विचारा. आजारी माणसाला सूट कोणत्याच धर्माने नाकारलेली नाही.

पुस्तिकेच्या शेवटी कापून काढायचं एक कार्ड जोडलं आहे. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेने २०२० पासून असं कार्ड रुग्णांना द्यायला सुरुवात केली, त्यातली कल्पना इथे घेतली आहे. आपलं नाव, औषधाचं नाव, मिलिग्रॅममधला डोस, कोणत्या महिन्यापासून आणि कोणत्या आजारासाठी, औषध लिहिणाऱ्या डॉक्टरांचा फोन, तापात डोस किती वाढवायचा, आणि "हे औषध अचानक बंद करू नये, उलट्या किंवा बेशुद्धी असल्यास हायड्रोकॉर्टिसोन द्यावे" ही ओळ. कार्ड मराठीत एका बाजूला आणि इंग्रजीत दुसऱ्या बाजूला ठेवलं आहे, कारण फड कर्नाटकात असला तर तिथल्या डॉक्टरांना ते वाचता यायला हवं. डोस बदलला की पेन्सिलीने खोडून नवा आकडा लिहा. कार्डाचा फोटो जोडीदाराच्या, मोठ्या मुलाच्या आणि मुकादमाच्या मोबाइलमध्ये असू द्या. गाव सोडण्याआधी डॉक्टरांकडून पुढच्या तपासणीपर्यंतच्या गोळ्या आणि त्यावर पंधरा दिवसांच्या जास्तीच्या गोळ्या लिहून घ्या, त्यातल्या निम्म्या आपल्याजवळ आणि निम्म्या जोडीदाराच्या पिशवीत ठेवा, आणि कारखान्याच्या जवळचं सरकारी रुग्णालय कोणतं आहे ते तिथे पोहोचल्याच्या पहिल्या आठवड्यात विचारून ठेवा.